एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन ०.८ आलंय. म्हणजे बीज तयारच होत नाही का?

कोकमसरबत (धागाकर्ती) | २ जून, रात्री ११:४०

बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. नाशिक जिल्ह्यात राहते एवढं सांगितलं तरी पुरे. वय ३१, लग्नाला साडेतीन वर्षं झाली, गेले दहा महिने आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. मागच्या महिन्यात इथल्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. बाहेर तीस बायका बसलेल्या, त्यामुळे आत मिळाली दोन मिनिटं. त्यांनी कागदावर टीएसएच, प्रोलॅक्टिन, एएमएच या हार्मोनच्या रक्ततपासण्या लिहिल्या आणि खाली लिहिलं, "२१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन".

मी आज्ञाधारक. कालनिर्णयवर पाळीच्या पहिल्या दिवसाला फुली मारलेली असते (आईची सवय, माझ्यात उतरलीय). तिथून मोजत एकविसावा दिवस काढला आणि आज सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन बसले. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला: ०.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारी चार ओळींचा तक्ता, माझा आकडा "ल्युटियल" (बीज सुटल्यानंतरचा काळ) म्हणतात त्याच्या कितीतरी खाली. लॅबमध्ये फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला ओव्ह्युलेशन होत नाहीये, डॉक्टरांना दाखवा." आणि डॉक्टरबाई गेल्यात गावाला, दहा दिवसांनी येणार.

पाळी तर माझी अगदी नियमित आहे हो. दर ३५ दिवसांनी, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. मग बीज होत नाही म्हणजे काय? घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवरा मला म्हणतो गूगल करू नको, आणि स्वतः पांघरुणात फोन घेऊन तेच करतोय.


पायरीचा_आंबा | २ जून, रात्री ११:५८

पाळी ३५ दिवसांची आणि तपासणी २१व्या दिवशी? कुणी तुमच्या पाळीची तारीखच विचारली नाही का?


कोकमसरबत | ३ जून, रात्री १२:०४

नाही. "नियमित आहे का" विचारलं, मी हो म्हटलं.


तुळशीबागवाली | ३ जून, सकाळी ७:१५

टेन्शन घेऊ नका, टेन्शनमुळेच होत नाही. माझ्या नणंदेला सहा वर्षं झालं नव्हतं, सगळं सोडून अष्टविनायक करून आले आणि पुढच्याच महिन्यात गोड बातमी.


पायरीचा_आंबा | ३ जून, सकाळी ७:४०

तुळशीबागवाली, मनापासून सांगते, राग मानू नका. ज्या बाईच्या हातात ०.८चा रिपोर्ट आहे तिला "टेन्शन घेऊ नका" सांगणं म्हणजे पोटात दुखणाऱ्याला "दुखवून घेऊ नका" सांगण्यासारखं आहे. यात्रा करा, पण आधी आकड्याचं काय ते बघू.


लॅबवाली_ताई | ३ जून, सकाळी १०:२०

पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कोकमसरबत, पहिल्यांदा तो एकवीसचा आकडा डोक्यातून काढा. तो तुमचा नाहीच. तो २८ दिवसांच्या पाळीचा आकडा आहे, आणि तो कागदावर लिहायची सवय इतकी मुरलीय की बाई ३५ची असो की २४ची, सगळ्यांना एकच माप.

अंडाशयात ज्या फोडात बीज वाढतं, त्याला आपल्याकडे सगळे फॉलिकल म्हणतात. बीज बाहेर पडलं की तो रिकामा फोड तिथेच पिवळा पडतो आणि कामाला लागतो. त्याचं नाव पीतपिंड. प्रोजेस्टेरॉन बनवणारा तोच. बीज बाहेर पडायच्या आधी रक्तात प्रोजेस्टेरॉन जेमतेम असतं, बहुतेक लॅबमध्ये १च्या आतबाहेर. मग चढायला लागतं, आठवड्याभरात शिखरावर जातं. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड बारा-चौदा दिवसांत गळतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि पाळी येते.

आता यातली मेख बघा. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींचा साधारण ठरलेला असतो. कमीजास्त होतो तो आधीचा काळ. म्हणून ३५ दिवसांच्या पाळीत बीज चौदाव्या दिवशी नाही, एकविसाव्याच्या आसपास सुटतं. तुम्ही ज्या सकाळी सुई टोचून घेतली त्या सकाळी तुमचं बीज कदाचित दारात उभं असेल. त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन ०.८च यायला हवं! भाकरी तव्यावर टाकल्या टाकल्या फुगली नाही म्हणून पिठाला नावं ठेवण्यातला प्रकार झाला हा.

हिशोब उलटा करायचा असतो: पाळी अपेक्षित असते त्याच्या सात दिवस आधी. तुमच्यासाठी ३५ वजा ७, म्हणजे अठ्ठाविसावा दिवस. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो, आदल्या संध्याकाळचा डाग मोजायचा नाही.

आणि हो, प्रोजेस्टेरॉनला उपाशीपोटी यावं लागत नाही. पॅकेजात साखरेची तपासणी असते म्हणून सरसकट सगळ्यांना उपाशी बोलावतात.

आता एक काम करा. पुढची पाळी कोणत्या तारखेला येते ते इथे येऊन सांगा. त्यावरून या रिपोर्टचा खरा अर्थ लागेल.


कोकमसरबत | ३ जून, सकाळी १०:५२

ताई, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि रडले. चांगल्या अर्थाने. पाळी १७-१८ जूनला यायला हवी. आली की लिहिते.


रोखठोक | ३ जून, दुपारी १:३०

म्हणजे सहाशे रुपये पाण्यात. चुकीच्या दिवशी करायला लावायची, मग परत करायला लावायची. धंदा आहे सगळा.


लॅबवाली_ताई | ३ जून, दुपारी २:१०

चुकीच्या दिवशी तपासणी लिहून डॉक्टरला काय मिळणार? मला तो घाईचा प्रकार वाटतो. मात्र काउंटरवरच्या मुलीने निदान सांगायला नको होतं, हे शंभर टक्के. आमच्याकडे अशी तंबीच होती, रिपोर्ट द्यायचा, तोंड उघडायचं नाही.


टेम्सकाठी | ३ जून, दुपारी ४:४५

लंडनहून. माझीही पाळी ३३-३५ दिवसांची आणि इथल्या जीपीने (फॅमिली डॉक्टरने) तारीख विचारून अठ्ठाविसाव्या दिवशीच रक्त घेतलं. इथे नाइस नावाची सरकारी संस्था डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढते, त्यात ३५ दिवसांच्या पाळीला अठ्ठाविसावा दिवस हे उदाहरण चक्क लिहिलेलं आहे. पाळी अनियमित असेल तर तिथून दर आठवड्याला परत, पाळी येईपर्यंत.

पण माझी गंमत वेगळीच. आकडा आला ३८. मी आईला पुण्याला कळवलं. आईने सोसायटीतल्या एका काकूंना विचारलं. काकूंच्या सुनेचं आलं होतं १२, तिला "उत्तम" म्हणाले होते. मग माझं ३८ म्हणजे तिप्पट उत्तम! आईने साखर वाटायचीच बाकी ठेवली होती. नंतर कळलं, इथे मोजतात नॅनोमोल प्रति लिटरमध्ये आणि तुमच्याकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. एका नॅनोग्रॅमचे ३.१८ नॅनोमोल. ३८ भागिले ३.१८, आले बारा. काकूंची सून आणि मी अगदी तंतोतंत सारख्या.

परदेशातल्या साइटवर "३०च्या वर हवं" असं वाचून घाबरणाऱ्यांनी आधी एकक बघा.


वांग्याचं_भरीत | ३ जून, संध्याकाळी ६:००

+१ टेम्सकाठी. मी पूर्ण एक रात्र या तिसाच्या पायी जागून काढली आहे.


डॉ_निवांत | ३ जून, रात्री १०:३५

(नाव निवांत, ड्युटी नाही. स्त्रीरोग विभागात आहे, सरकारी रुग्णालयात.)

लॅबवाली_ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. त्यात थोडी भर.

नेमक्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला तर बीज सुटलंय असं आम्ही धरतो. टेम्सकाठींच्या तिकडचे ३० नॅनोमोल म्हणजे आपले साडेनऊच्या जवळपास. दोन्हीत विरोधाभास नाही. तीन म्हणजे "झालंय", आणि तीस नॅनोमोल म्हणजे "झालंय आणि आपण बरोबर शिखरावर गाठलंय". मधे आला, समजा ५, तर बहुतेक वेळा दिवस थोडा चुकलेला असतो.

पण त्या आकड्याला गुण देत बसू नका. प्रोजेस्टेरॉन संथ धारेने झरत नाही, हिसक्या-हिसक्याने येतं. पीतपिंडाला मेंदूकडून एलएच या हार्मोनचा धक्का बसला की उसळतं, मग ओसरतं. नव्वद मिनिटांच्या आत आठपटीपर्यंत फरक पडू शकतो. सकाळी ९ला ६ आणि साडेदहाला १८, एकाच बाईचं, एकाच दिवशी. त्यामुळे "माझं ९, तिचं १६, म्हणजे माझं बीज कमी प्रतीचं" हा हिशोब फुकटचा. ओपीडीत रोज ऐकतो.

दुसरी मर्यादा. आकडा चढला म्हणजे फोडाचा पीतपिंड झाला, एवढंच सिद्ध होतं. क्वचित फोड न फुटताच पिवळा पडतो, बीज आतच राहतं आणि प्रोजेस्टेरॉन मात्र व्यवस्थित चढतं. हे रक्तात दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं.

तिसरी, आणि लोक ही विसरतात: ही तपासणी वरात गेल्यावर मांडव बघायला जाण्यासारखी आहे. बीज सुटून आठवडा झाल्यावर ती सांगते की सुटलं होतं. बीज जगतं बारा ते चोवीस तास. त्यामुळे या रिपोर्टवर त्या महिन्याचे दिवस ठरवता येत नाहीत.


पायरीचा_आंबा | ३ जून, रात्री १०:५०

वरात गेल्यावर मांडव 😄 मग दिवस ठरवायचे कशावर?


डॉ_निवांत | ३ जून, रात्री ११:१५

घरी बघायचं तर लघवीतली एलएच पट्टी. एलएच उसळायला लागलं की साधारण दीड दिवसात बीज सुटतं, म्हणजे पट्टी आधी सांगते. पहाटेच्या पहिल्या लघवीपेक्षा दुपारी किंवा संध्याकाळी करा, त्याआधी दोन तास पाणी बेताने प्या. शुक्राणू आत पाचेक दिवस तग धरतात, त्यामुळे बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस कामाचे. १९९५ साली अमेरिकेत २२१ बायकांच्या रोजच्या नोंदींवरून हे दाखवलं गेलं. दिवस उलटल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आणि पट्टीही नको असेल तर, स्राव बघा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत धरला तर तार निघणारा. एका पैशाचा खर्च नाही, पण हे सांगायला आम्हीही लाजतो आणि विचारायला तुम्हीही.

दिवसाआड सोनोग्राफी, म्हणजे फॉलिक्युलर स्टडी, आपल्याकडे फार लवकर सुरू करतात. औषधं देऊन बीज वाढवत असू तर तिचा उपयोग आहे. नियमित पाळीच्या बाईला पहिल्याच महिन्यात दर एक दिवसाआड ऑफिसातून सुट्टी काढून टेबलावर झोपायला लावायचं, हे मला पटत नाही. सहकाऱ्यांचे यावर वेगळे विचार आहेत, असोत.


वांग्याचं_भरीत | ४ जून, सकाळी ८:२०

पट्टीबद्दल एक सावधगिरी, पीसीओडीवाल्या (ज्यांचं बीज नियमित सुटत नाही अशा) बायकांसाठी. माझी पाळी ४५ ते ७० दिवस, मूडवर. पट्ट्यांवर पैसे घालवले, दर तिसऱ्या दिवशी दोन गडद रेघा. प्रत्येक वेळी नवऱ्याला फोन, "लवकर ये". तो बिचारा भोसरीहून ट्रॅफिकमधून. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की पीसीओडीत एलएच मुळातच चढं राहू शकतं, पट्टी उगाच होकार देते.

मग माझं आठवड्याच्या अंतराने प्रोजेस्टेरॉन बघितलं. ०.४, ०.६, ०.५, आणि मग पाळी आली. आली म्हणजे बीज झालं असं मी समजत होते! पण अस्तर नुसतं वाढत राहतं आणि एके दिवशी ढासळतं, तोही रक्तस्रावच. गोळ्या घेऊन आणलेली पाळीही तशीच, तिचा बीजाशी संबंध नाही. माझ्यासाठी ही तपासणी उपयोगी ठरली, कारण ती "नाही" म्हणाली आणि ते खरं होतं. पुढे बीज वाढवायला लेट्रोझोल दिलं. पाचव्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन १४. लेक आता दीड वर्षाची, आत्ता कीबोर्डवर पोळी ठेवतेय.


रोखठोक | ४ जून, सकाळी ९:०५

लेट्रोझोल कॅन्सरचं औषध आहे. त्यावर सरकारने बंदी घातली होती ना?


डॉ_निवांत | ४ जून, दुपारी ३:००

२०११ साली या वापरावर बंदी आली होती, २०१७ साली उठली. स्तनाच्या कर्करोगात ते वेगळ्या बायकांना, रोज, वर्षानुवर्षं देतात. इथे पाच दिवस. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएसच्या (पीसीओडीचंच दुसरं नाव) ७५० बायकांवर अभ्यास झाला, त्यात लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के बायकांना मूल झालं, जुन्या क्लोमिफिनवर १९.१ टक्के. म्हणून आता पीसीओडीत पहिली पसंती तीच. पण मेडिकलमधून स्वतःहून आणून नाही, कृपया.


गोठ्यातला_डॉक्टर | ४ जून, रात्री ९:३०

अवांतर, पण राहवत नाही. मी जनावरांचा डॉक्टर, सातारा भागात. हा सगळा धागा वाचताना वाटलं, हे तर आमचंच चाललंय. म्हशीचा मुका माज हे शेतकऱ्याचं मोठं दुखणं. म्हैस माजावर येते पण हंबरत नाही, काही लक्षण नाही, आणि मालक म्हणतो जनावर भाकड. दुधातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं तर कळतं की तिचं चक्र चालू आहे, आपल्यालाच दिसत नाही.

गंमत म्हणजे गाईचं चक्रच एकवीस दिवसांचं! तिच्यात रेतनानंतर २१ ते २४ दिवसांनी दुधात प्रोजेस्टेरॉन बघतात. कमी आलं तर गाभण नाही हे जवळपास नक्की. जास्त आलं तर "असावी", नक्की नाही. म्हणजे नकार पक्का, होकार कच्चा. तर कोकमसरबत ताई, तुमचा एकविसावा दिवस गाईचा निघाला म्हणायचं.


कोकमसरबत | ४ जून, रात्री ९:४८

😂😂 नवऱ्याला वाचून दाखवलं. तीन दिवसांत पहिल्यांदा हसलो.

एक शंका. मी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते, दहा हजार मायक्रोग्रॅमच्या. चालतात ना?


लॅबवाली_ताई | ४ जून, रात्री १०:१५

अगं बाई! हे आधी सांगायचं. कित्येक मशिनांच्या रसायनांत बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात बाहेरचं भरमसाट बायोटिन आलं की मशीन फसतं. प्रोजेस्टेरॉन, इस्ट्राडिऑल खोटंच जास्त दाखवू शकतं, टीएसएच, एलएच, एफएसएच खोटं कमी. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. सगळ्या मशिनांना हा त्रास नाही, पण काउंटरवर कोण सांगणार कोणतं मशीन आहे? पुढच्या वेळी किमान तीन दिवस आधी बंद ठेव, आणि टीएसएच पण त्या गोळ्यांवरच केला असशील तर तोही डॉक्टरांना सांग.

गोळ्यांचं निघालंच आहे तर: सोळाव्या दिवसापासून हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर कोणत्या ते सांगूनच तपासणी करावी. डायड्रोजेस्टेरॉन आमच्या तपासणीत दिसतच नाही, ते रसायन वेगळं. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल मात्र दिसतात आणि आकडा फुगवतात. मग आकडा तुमचा की कॅप्सूलचा, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.


तिखटमीठ | ५ जून, सकाळी ११:००

एएमएचबद्दल कुणीच बोललं नाही. माझं १.१ आलं आणि मला सांगितलं गेलं, "वेळ कमी आहे, थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा." वय ३३, पाळी २८ दिवसांची.


डॉ_निवांत | ५ जून, रात्री ११:००

एएमएच म्हणजे डब्यात किती शिल्लक आहे याचा अंदाज. या महिन्यात बीज सुटलं का, हे ते सांगत नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना किती बीजं येतील, हे ठरवायला उपयोगी. २०१७ साली जामा या नियतकालिकात ३० ते ४४ वयाच्या ७५० बायकांचा अभ्यास आला होता. ज्यांचं एएमएच कमी होतं त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहायला इतरांपेक्षा जास्त अडचण आली, असं दिसलं नाही. नुसत्या त्या आकड्यावर "थेट आयव्हीएफ" कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या.

आणि आता मला एक विचारायचंय, सगळ्या धाग्याला. पन्नासच्या आसपास प्रतिसाद वाचतोय, व्यनि (खासगी निरोप) धरून. एकीनेही नवऱ्याच्या तपासणीचा उल्लेख केलेला नाही. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. वीर्यतपासणी स्वस्त, सुई नाही, दिवस मोजायचे नाहीत, दोन ते सात दिवसांचा संयम पाळला की झालं. तरी ती शेवटी होते.


पायरीचा_आंबा | ५ जून, रात्री ११:२०

कारण आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्याला कशाला नेतेस, त्याचं सगळं व्यवस्थित आहे." कशावरून? तर तो मॅरेथॉन पळतो.


निनावी_नवरा | ५ जून, रात्री ११:४५

मी एक नवरा. बायकोच्या अकरा रक्ततपासण्या झाल्यावर माझी एक झाली. दोष माझ्यात निघाला. त्या अकरा वेळा मी पार्किंगमध्ये गाडीत बसून क्रिकेट बघत होतो. याहून जास्त लिहवत नाही.


कोकमसरबत | १७ जून, सकाळी ७:३०

लॅबवाली ताई, आज पाळी आली. १७ जून.


लॅबवाली_ताई | १७ जून, सकाळी ९:१०

२ जूनला रक्त दिलंस, त्यानंतर पंधराव्या दिवशी पाळी. चौदा दिवस मागे गेलं तर ३ जून. म्हणजे ज्या रात्री तू हा धागा काढलास, बीज बहुधा त्याच सुमाराला सुटत होतं. खात्री या रिपोर्टवरून होणार नाही, पण "होत नाही" हे त्यावरून मुळीच म्हणता येत नाही. आता १७ जूनला फुली. अठ्ठाविसावा दिवस १४ जुलै. बायोटिन ११ तारखेच्या आधी बंद.


कोकमसरबत | १७ जून, सकाळी ९:३०

डॉक्टरबाई परत आल्यावर दाखवलं होतं. त्यांनी रिपोर्ट बघितला, कॅलेंडर बघितलं, आणि म्हणाल्या, "अरे हो, तुमचं पस्तीस आहे नाही का. माझी चूक, पुढच्या महिन्यात २८व्या दिवशी करू." इतक्या सरळ म्हणाल्या की माझा सगळा राग विरघळला. आणि स्वतःहूनच ह्यांची तपासणी लिहून दिली. हे "बघू" म्हणाले. मी निनावी_नवरा यांचा प्रतिसाद फोनवर उघडून समोर ठेवला. काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी लॅबला फोन करून वेळ घेतली.


कोकमसरबत | १५ जुलै, रात्री ८:००

६ जुलैला संध्याकाळी पट्टीवर दोन गडद रेघा, तो विसावा दिवस. काल, १४ जुलैला रक्त दिलं. नाश्ता करून गेले, मिसळ खाऊन! ताई, तुम्ही सांगितलं होतं म्हणून.

११.४


वांग्याचं_भरीत | १५ जुलै, रात्री ८:०३

अकरा पॉइंट चार!!!


टेम्सकाठी | १५ जुलै, रात्री ९:२०

माझ्या एककात ३६. काकूंना कळवू का?


कोकमसरबत | २२ जुलै, दुपारी १२:४०

आज पाळी आली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या वेळसारखं नाही. बीज सुटतंय, हे माहीत असताना येणारी पाळी वेगळी असते.

ह्यांचा रिपोर्ट: संख्या चांगली, हालचाल ३४ टक्के, ४२ तरी हवी म्हणे. मे महिन्यात ह्यांना आठवडाभर सणकून ताप होता, १०३-१०४. डॉक्टर म्हणाल्या, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तापाचा परिणाम इतके दिवस दिसू शकतो, म्हणून ऑगस्टअखेरीस परत करू आणि मगच बोलू. तोपर्यंत मांडीवर लॅपटॉप बंद, तंबाखू बंद. दुसरी गोष्ट जड जातेय. कालपासून बडीशेपेचा डबा घेऊन फिरतायत.


शेवंती_नवीन | २२ जुलै, दुपारी ३:१५

नमस्कार, मी इथे नवीन आहे. सगळा धागा वाचला पण नीट समजलं की नाही कळत नाही. माझी पाळी २४ दिवसांची आहे. माझ्याही कागदावर "२१व्या दिवशी" लिहिलंय आणि उद्याच एकविसावा दिवस आहे. सकाळची वेळ घेतलीय. जाऊ का?


कोकमसरबत | २२ जुलै, दुपारी ३:२१

उद्या जाऊ नकोस गं. त्यानंतर चारच दिवसांत तुझी पाळी येणार, प्रोजेस्टेरॉन उतरणीला लागलं असेल, आकडा कमी येईल आणि उगाच रडशील. २४ वजा ७, सतरा. सतरावा दिवस. आज डॉक्टरांना फोन करून तुझी पाळी २४ची आहे हे सांग, आणि पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारून इथे ये, आपण तारीख काढू.

केसांच्या गोळ्या घेतेस का काही?